ऐतखाऊ कोणाला म्हणायचे? कष्टकरी पुरुष, काम आणि वर्ण

धागाकर्ता :
समाजशास्त्रज्ञ मिशेल लामाँ यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्क आणि पॅरिसच्या उपनगरांतील १५० कामगार व कनिष्ठ मध्यमवर्गीय पुरुषांशी प्रदीर्घ संवाद साधला आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील गोऱ्या कामगारांच्या लेखी भला माणूस म्हणजे वेळेवर कामावर जाणारा, प्रपंचाची जबाबदारी न टाळणारा. कृष्णवर्णीय कामगारांनाही कष्टांची चाड होतीच, पण अडल्यानडल्याला धावून जाण्याला त्यांनी अधिक मोल दिले. हे पुरुष केवळ पैशामुळे साहेबाला थोर मानत नाहीत, हे मला विशेष वाटते. म्हणून माझे मत असे की, कृष्णवर्णीयांबद्दलचा गोऱ्या कामगाराचा रोष मुळात वर्णावर नसून ऐतखाऊपणावर आहे, आणि त्याला सरसकट वर्णद्वेष्टा ठरवणे अन्यायाचे आहे.

प्रतिसाद १ :
असहमत. ऐतखाऊपणावरच राग असता, तर कष्ट करून वर येणाऱ्याचे स्वागत झाले असते. जून १९४३मध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात, जिथे युद्धासाठी विमानांची इंजिने बनत होती, तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती मिळताच सुमारे २५ हजार गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. त्या तिघांनी आळस केला नव्हता. गोऱ्यांच्या रांगेत उभे राहून तेच काम करणे, एवढाच त्यांचा अपराध! कष्टाची फूटपट्टी दिसायला सर्वांना सारखी असली, तरी ती कोणाच्या हाती आहे, हे तुम्ही पाहतच नाही.

धागाकर्ता :
हे उदाहरण बोचरे आहे आणि मी ते टाळणार नाही. मात्र त्या संपाच्या विरोधात वाहन कामगारांच्या संघटनेचे नेतृत्वच उभे राहिले होते, हेही सांगायला हवे होते. कामगारवर्ग एकमुखाने बोलत नाही, एवढे तरी मान्य कराल?

प्रतिसाद २ :
मान्य, पण त्यामुळे तुमचे मूळ विधान तरत नाही. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात शिरलेले दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाल्याने चिरडून मेले. दिवसभर गळक्या टोपल्या वाहणाऱ्या या माणसांना ऐतखाऊ कोण म्हणेल? तरीही संपावर गेलेल्या सुमारे १,३०० जणांना गळ्यात ‘मी माणूस आहे’ अशा पाट्या अडकवून रस्त्यावर उतरावे लागले. घाम गाळून मान मिळतोच, हा हिशेब त्यांच्या बाबतीत जुळला नाही. लामाँ यांच्याशी बोललेल्या कृष्णवर्णीयांनी माणुसकीला जास्त वजन का दिले, याचे उत्तर मला इथे दिसते.

दुसरे, त्याच अभ्यासातील फ्रेंच कामगार गरिबांना आणि कृष्णवर्णीयांनाही बऱ्याच अंशी आपल्यात धरतात, पण फ्रान्सच्या जुन्या वसाहतींतून, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम स्थलांतरितांना मात्र बाहेर ठेवतात. तेव्हा निव्वळ कातडीचा रंग हे प्रतिसाद १चे सूत्रही तिथे अपुरे पडते.

प्रतिसाद १ :
रंगाऐवजी धर्म आणि वसाहतीचा इतिहास आला, इतकेच. कुंपण हलले, ते घालणारा हात तोच राहिला.

धागाकर्ता :
‘मुळात वर्णावर नसून’ हे शब्द मी मागे घेतो. मात्र रोज पहाटे उठून कामावर जाणाऱ्याचा स्वाभिमान खोटा होता, असे मी अजूनही म्हणणार नाही.