रोज थोडं की वीकेंडला भरपूर? (बुद्धिबळ आणि रनिंग, दोन्हीसाठी विचारतोय)

तिरका_उंट:
लोकहो एक विचारायचंय. मी ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो आणि पळतो पण, आणि दोन्हीकडे रडगाणं एकच. आठवडाभर कामातून सवड मिळत नाही म्हणून शनिवार-रविवारी सगळी कसर काढतो, म्हणजे सकाळी लांब रन आणि मग दुपारपासून झोपेपर्यंत ब्लिट्झवर ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव). तास मोजाल तर कमी नाहीयेत. तरी रेटिंग तिथल्या तिथे घुटमळतंय आणि दहा किमीचा टाइम पण हलायला तयार नाही. मित्र म्हणतो रोज अर्धा तास दे बास. अहो पण अर्ध्या तासात होतंय काय? आणि कशातही तरबेज व्हायला दहा हजार तास लागतात म्हणतात ते खरं असेल तर माझा नंबर म्हातारपणीच लागणार 😄 रोज करण्यात खरंच काही आहे की नुसतं मोटिव्हेशनवाल्यांचं बोलणं?

घोडा_अडीच_घरं:
आहे आणि त्यावर जुना चांगला प्रयोग पण झालाय. ब्रिटनमध्ये पोस्टमन लोकांना टायपिंग शिकवायचं होतं, तेव्हा बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे गट पाडले, काहींना दिवसाला एकच तास, काहींना दोन तास आणि काहींना दोन-दोन तासांची दोन सेशन्स. १९७८ चा पेपर आहे. कीबोर्ड शिकायला एक तासवाल्यांना एकूण ३५ च्या आसपास तास लागले आणि चार तासवाल्यांना ५० च्या घरात. म्हणजे तेवढंच शिकायला कितीतरी जास्त तास गेले. अर्थात कॅलेंडर बघितलं तर चार तासवाले आधी मोकळे झाले, ते पण खरंय. पण मला यातली खरी मजा वेगळीच वाटते, सगळ्यात कुरकुर कोणाची होती तर एक तासवाल्यांचीच! त्यांना वाटत होतं आपण मागे पडतोय. त्यामुळे अर्ध्या तासात काय होतंय असं जे तुम्हाला वाटतंय ना, त्या वाटण्यावर फार विसंबू नका.

आणि ब्लिट्झ म्हणजे प्रॅक्टिस नव्हे, खेळ आहे तो. खेळा की, पण हरलेला डाव उघडून नेमकं कुठे वजीर घालवला ते न बघता पुढच्या गेमवर क्लिक केलं तर शिकायचं काय राहिलं? रोज थोडी पझल्स, ती पण उत्तर पूर्ण डोक्यात मांडल्याशिवाय मोहरा हलवायचा नाही या अटीवर, आणि एका हरलेल्या डावाची चिरफाड, एवढं अर्ध्या तासात आरामात बसतं.

संथ_पण_चालू:
रनिंगचं मी बोलतो. वरच्यांचं पटलं पण ‘रोज’ हा शब्द पळण्याला जसाच्या तसा लावू नका. शरीर सुधारतं ते पळताना नाही, नंतर विश्रांतीत. दम तसा लवकर वाढतो, कंडरा आणि हाडं मात्र हळू तयार होतात, म्हणून उत्साहात रोज पळायला लागलेल्याची नडगी दुखायला लागते आणि मग सक्तीची सुट्टी. आठवड्यात चार दिवस पळा, त्यातले बहुतेक इतके आरामात की पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत, एक दिवस जोरात. सगळं दोन दिवसांत कोंबलं की पाच दिवस शरीराला काही निमित्तच मिळत नाही आणि सहाव्या दिवशी एकदम मार. तुमचा टाइम का हलत नाही याचं उत्तर मला तरी इथंच दिसतंय.

आठवणीतला_गडी:
दहा हजार तासांचं भूत कृपया उतरवा. मूळ अभ्यास एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाचा आणि मंडळींचा, १९९३ चा, व्हायोलिन वाजवणाऱ्यांवर. त्यात सगळ्यात चांगल्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती, काही जण त्याच्या बरेच खाली होते. सरासरीचा लोकांनी नियम करून टाकला. २०१४ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली त्यात माणसामाणसाच्या कौशल्यातल्या फरकापैकी सरावाने समजणारा भाग बुद्धिबळासारख्या खेळांत साधारण २६ टक्के आणि मैदानी खेळांत १८ टक्के निघाला. म्हणजे सराव लागतोच पण बाकीचं पण बरंच असतं, वय, शरीराची ठेवण, शिकवणारा कोण.

याच एरिक्सनचा आधीचा एक प्रयोग मला फार आवडतो, १९८० चा. एका कॉलेजच्या मुलाला सुरुवातीला एकदा ऐकलेले ७ आकडे आठवायचे, आठवड्याला तीन ते पाच दिवस तासभर असं दीडेक वर्ष केल्यावर ७९ पर्यंत गेला. पोरगा लांब पल्ल्याचा धावपटू, त्यामुळे आकडे ऐकले की त्यांचे रेसचे टायमिंग बनवायचा, ३४९२ म्हणजे ३ मिनिटं ४९.२ सेकंद, मैलाचा टाइम. पण आकड्यांऐवजी अक्षरं दिली की गाडी परत सहावर! स्मरणशक्ती अशी काही वाढलीच नव्हती, आकडे लक्षात ठेवणं तेवढं वाढलं होतं. त्यामुळे एंडगेम (डावाचा शेवटचा, थोडेच मोहरे उरलेला भाग) सुधारायचे तर एंडगेमच करा, ब्रेन ट्रेनिंगच्या ॲपवर पैसे घालू नका.

तिरका_उंट:
बाप रे, भारी उत्तरं. पण एक शंका राहिली, महिन्यातून एक आठवडा मला बाहेरगावी जावंच लागतं. मग सगळं पाण्यात?

संथ_पण_चालू:
छे हो. आठवडाभराने फारसं काही जात नाही, दम खरा उतरतो तो दोन-तीन आठवडे पूर्ण बंद राहिलात तर. आणि पूर्ण बंद कशाला ठेवायचं? १९८० च्या दशकात हिक्सन नावाच्या संशोधकाने करून बघितलंय, आठवड्याचे सहा दिवस कमी करून दोनवर आणले पण जोर तेवढाच ठेवला तरी लोकांची ऑक्सिजन घ्यायची क्षमता १५ आठवडे टिकली, जोर कमी केला तेव्हा मात्र घसरली. तर त्या आठवड्यात दोनदा वीस-पंचवीस मिनिटं पळा, नीट वॉर्मअप करून मधे चार-पाच वेगवान तुकडे टाका. शूज तेवढे बॅगेत टाका म्हणजे झालं.

घोडा_अडीच_घरं:
आणि पझल्स तर मोबाईलवर आहेतच, प्रवासात अजून बरं. फक्त ब्लिट्झचं ॲप तेवढा आठवडा उडवून टाका, नाहीतर मला माहितीये काय होणार ते 😀