खोल पाण्यात हवा संपली तर: पोनी, स्पेअर एअर की बडी?

खोलनिळा:
स्कूबा डायव्हिंग करताना २८ मीटर खोलीवर माझा रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारं यंत्र) फ्री-फ्लोला गेला, म्हणजे हवा न थांबता वाहू लागली. बडी (सोबतचा डायव्हर) फोटोच्या नादात दहा-बारा मीटर पुढे. तोंडाशी बुडबुड्यांचा नुसता लोंढा, मास्क थरथरतोय, सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा १४० बारवरून डोळ्यांदेखत घसरतोय. त्याच्या पायातल्या फिनला हात लागला तेव्हा ५० उरले होते. त्याच्या ऑक्टोपसवर (दुसऱ्याला देण्यासाठीच्या जादा रेग्युलेटरवर) सुखरूप वर आलो, पण तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: २० मीटरच्या खाली जाणाऱ्याकडे स्वतःची पोनी बॉटल, म्हणजे वेगळा रेग्युलेटर असलेला छोटा जादा सिलिंडर, हवीच. स्वतःचा ऑक्टोपस अशा वेळी कामाचा नाही. तो त्याच सिलिंडरवर आणि त्याच फर्स्ट स्टेजवर (सिलिंडरच्या हवेचा दाब कमी करणाऱ्या भागावर) असतो.

प्रवाळ:
त्यासाठी पोनीचं ओझं कशाला? स्पेअर एअर ही आणीबाणीची छोटी बाटली पुरते. रेग्युलेटर बाटलीच्या डोक्यावरच बसवलेला, नळीची भानगड नाही. उपसली की तोंडात. पोनी जड म्हणून लोक बोटीवर ठेवून जातात, मग तिचा काय उपयोग?

खोलनिळा:
प्रवाळ, हिशोब करून बघा. मोठ्या स्पेअर एअरमध्ये साधारण ८५ लिटर हवा. घाबरलेला माणूस मिनिटाला ४० लिटर सहज ओढतो. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणून हवा चौपट लागते, म्हणजे मिनिटाला १६० लिटर. बाटली अर्ध्या मिनिटात रिकामी! मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायलाच सव्वातीन मिनिटं लागतात. ३ लिटरची पोनी २०० बारला भरली की ६०० लिटर मिळतात. खाली सावरायला एक मिनिट धरलं, तरी वर येताना दाब घटत जातो, त्यामुळे ५०० च्या आत भागतं.

प्रवाळ:
३० मीटरचं मान्य. पण मी १२ मीटरच्या खाली क्वचितच जातो. १० मीटरवरून लगेच वर निघालो तर तुमच्याच हिशोबाने ६५-७० लिटर लागतात. माझ्यासाठी ती बाटली खोटा दिलासा नाही.

मंदश्वास:
दोघंही बाटल्यांवर बोलताय, मला खटकतंय ते वेगळंच. बडी दहा मीटर लांब होता हाच खरा बिघाड. खोलवर बडी दोन हातांच्या अंतरात हवा. आणि '५० बारला वर निघायचं' ही सवय ३० मीटरवर घातक आहे. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ५० बार म्हणजे ६०० लिटर, आणि दोन घाबरलेल्या माणसांना वर यायला हजारेक लागतात. म्हणजे ८५-९० बारलाच निघायला हवं. हे पाळणाऱ्या जोडीला पोनी लागत नाही. पोनी आली की माणूस बडीकडे बघायचं सोडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

खोलनिळा:
राखीव हवेचं शंभर टक्के पटलं, ९० चा आकडा मी आता पाळणार. पण प्रवासात बोटीवर अनोळखी बडी वाट्याला येतो. त्याच्या शिस्तीवर मी माझा श्वास का टांगू?

शिंपला:
पोनीवाल्यांसाठी अनुभवाचं सांगते. एकदा चुकून पोनीचाच रेग्युलेटर तोंडात धरून उतरले. १८ मीटरवर श्वास जड झाला तेव्हा कळलं, पोनी संपली होती. मुख्य सिलिंडर भरलेला होता म्हणून निभावलं. आता पोनीच्या माउथपीसवर केबल टाय बांधलेला असतो. ओठांना टोचला की समजतं. रेग्युलेटर छातीवर अडकवते, लोंबकळत ठेवला तर माउथपीसमध्ये वाळू भरते.

प्रवाळ:
आणि व्हॉल्व्ह? उघडा की बंद?

शिंपला:
उघडा. बंद ठेवला तर नकळत हवा निसटत नाही हे खरं, पण हवा संपलेल्या माणसाला व्हॉल्व्ह शोधत बसायला वेळ नसतो. उतरण्याआधी पोनीचा गेज बघायचा आणि तिच्यावर दोन श्वास घ्यायचे.

मंदश्वास:
आणि तो रेग्युलेटर कुठे आहे हे बडीलाही दाखवायचं, शिंपलाताई. पोनी घेऊन आलात तरी माझा आग्रह एवढाच.