तैलरंगात रंकाळा: शालिनी पॅलेसचं प्रतिबिंब पाण्यावर बसत नाही

प्रश्न (रंकाळाकाठ):
कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या पूर्वेकडच्या काठावरून दिसणारा शालिनी पॅलेस करतोय. कॅनव्हास १८ बाय २४ इंच. इमारत ठीक उतरलीय, पण तीच खाली उलटी रंगवली की पाणी वाटतच नाही, दुसरी इमारत टांगल्यासारखी दिसते. प्रतिबिंबाची उंची कुठून मोजायची? आणि पाणी ओल्यावर ओलं करायचं की थर वाळल्यावर?

कुंचला:
भाऊ, इमारत उलटी करून उतरवायची नसते. पाण्याची पातळी इमारतीच्या पायाखालीही तशीच पसरली आहे असं धरा आणि उंची त्या पातळीपासून मोजा, काठापासून नाही. पॅलेस काठापासून आत आहे, म्हणून मनोऱ्याचा शेंडा पाण्यात दिसेल, पण तळमजला काठाच्या आणि झाडांच्या प्रतिबिंबाआड जाईल. संध्यामठ, म्हणजे तळ्यातली ती जुनी दगडी वास्तू, पाण्यातच उभा, त्याचं प्रतिबिंब दगडाला चिकटूनच सुरू होतं.

पंचगंगेचा घाट कराल तेव्हा तर हे फार जपा. प्रतिबिंबात आपण पाण्याखालून वर बघितल्यासारखं दिसतं, त्यामुळे पायरीचा उन्हात चमकणारा सपाट भाग पाण्यात येतच नाही, फक्त उभी बाजू येते. म्हणून घाटाचं प्रतिबिंब घाटापेक्षा गडद. तिथे उजळ पट्टे मारले की चित्र गेलंच.

वारा असेल तर लाटा प्रतिबिंब उभं ताणतात. कोपरे, खांब टिकतात. सज्जाच्या आडव्या रेषा विरघळतात. त्या पाण्यात काढूच नका. उजेड किंचित दाबा, गडद किंचित उजळा. काळ्या दगडाला अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा. ट्यूबमधला काळा तिथे मेलेला दिसतो.

जवसतेल:
थरांचं सांगतो. पहिला थर नुसत्या टर्पेंटाईनमध्ये पातळ. दुसऱ्याला एक भाग जवस तेल, दोन भाग टर्पेंटाईन. शेवटच्याला समसमान. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं; उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात.

पहिला थर वाळला की पाणी एका बैठकीत, ओल्यावर ओलं. सगळे रंग आधी उभे खाली ओढा. मग दोन इंची मऊ, कोरडा सपाट ब्रश आडवा फिरवा, रंगाला जेमतेम टेकवून. दर फटकाऱ्याला ब्रश फडक्याला पुसा, नाहीतर चिखल होतो. शेवटी आकाशाच्या रंगाच्या रेघा: लांबच्या बारीक आणि दाट, पुढच्या रुंद आणि विरळ. रेघ जराही तिरकी नको, तळं कललेलं दिसतं.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल वाळताना तापतं, पेट घेतं. पाण्यात भिजवून ठेवा.

रंकाळाकाठ:
आभारी आहे. फोटोत मनोरा वर निमुळता होतोय, तसाच ठेवू?

कुंचला:
नको. मोबाईल वर कलला की तसं होतं. मागे सरका, मोबाईल सरळ धरा, झूम करा. कॅनव्हासवर प्रत्येक उभी रेघ ओळंब्याने तपासा. छपराच्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू कॅनव्हासबाहेर जात असेल तर कॅनव्हास मोठ्या फळीवर ठेवून तिथे टाचणी टोचा आणि दोरा ताणून रेषा आखा. प्रतिबिंबातल्या रेषाही त्याच टाचणीकडे जातात.