समोरच्यांचा कॅमेरा थेट आमच्या हॉलमध्ये बघतो, काय करावं?

प्रश्न (डोंबिवली पूर्व)

आमची बिल्डिंग जुनी. मजल्यावर चार बिऱ्हाडं, पॅसेज जेमतेम पाच फुटांचा, आणि समोरच्या काकांचं दार आमच्या दाराच्या अगदी समोर. गणपतीनंतर त्यांच्या दाराबाहेरून नवी सायकल चोरीला गेली. आठवड्याभरात त्यांनी चौकटीवर कॅमेरा लावला. त्याला माझी ना नाही, चोरी झाल्यावर मीही घाबरले होते.

पण तो कॅमेरा आमच्या सेफ्टी डोअरच्या जाळीतून सरळ हॉलमध्ये बघतो. सासूबाई ७८ वर्षांच्या. दुपारी लाकडी दार उघडं टाकून जाळीपाशी खुर्चीत बसायचं, भाजी निवडायची, जाणाऱ्या-येणाऱ्याशी दोन शब्द बोलायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. वाराही तिथूनच येतो. आता महिना झाला, दार बंद. खुर्ची बाल्कनीकडे नेली, तर तिथे तीनपर्यंत ऊन. "त्या लाल दिव्याकडेच लक्ष जातं गं," म्हणतात आणि आत जाऊन पडतात.

मागच्या आठवड्यात लिफ्टपाशी काका म्हणाले, "परवा लेकीला यायला साडेअकरा झाले ना?" लेक नर्स आहे, तिची सेकंड शिफ्ट असते. त्यांनी वाईट मनाने विचारलं नसेल, पण ती त्या दिवसापासून जिन्यातच ओढणी तोंडावर घेऊन वर येते. आणि काल काकूंनी विचारलं, "रिपोर्ट आले का?" रिपोर्टचं मी फक्त आमच्या दारात उभी राहून यांच्याशी बोलले होते. म्हणजे आवाजही जातोय.

बावीस वर्षांचा शेजार आहे. त्यांच्या मुलीचं रुखवत आमच्या हॉलमध्ये मांडून तयार झालं होतं. मला भांडण नकोय, पण माझ्या घराचं दार मला उघडं ठेवता यायला हवं. सोसायटीत अर्ज द्यावा, पोलिसांत जावं, की आधी बोलावं? कायदा काय म्हणतो?

कॅमेरेवाला, नाशिक

ताई, आधी बोला, आणि बोलताना त्यांच्या मोबाईलवर नेमकं काय दिसतं ते दाखवा म्हणा. निम्म्या लोकांना आपल्या कॅमेऱ्यात समोरच्याचं घर येतं हे कळलेलंच नसतं. घरगुती कॅमेऱ्याची लेन्स बहुतेक वेळा २.८ मिलिमीटरची असते, ती सुमारे शंभर अंशांचं दृश्य घेते. पाच फुटांच्या पॅसेजमध्ये ती समोरासमोर लावली की तुमचं दार येणारच. तोच कॅमेरा बाजूच्या भिंतीवर जिन्याकडे तोंड करून लावला तर चोर येताना-जाताना दिसेल आणि तुमचा हॉल सुटेल. खरं तर चोरीसाठी तीच जागा चांगली, चेहरा समोरून मिळतो.

जागा बदलायची नसेल तर सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी मास्क' बघा. तुमच्या दाराच्या भागावर काळा चौकोन येतो, रेकॉर्डिंगमध्येही तो भाग येत नाही. 'मोशन झोन' म्हणजे मास्क नव्हे. त्याने फक्त अलर्ट कमी होतात, चित्र तसंच राहतं. माईक वेगळा बंद करावा लागतो. आणि ॲप किती जणांच्या फोनवर आहे तेही विचारा.

माजी सचिव, ठाणे

पॅसेज सामाईक असतो, एकट्याच्या मालकीचा नाही. बोलून झालं नाही तर कमिटीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत तुमच्या दारातून कॅमेरा कसा दिसतो त्याचा फोटो जोडा. आमच्याकडे असंच झालं तेव्हा सर्वसाधारण सभेत ठराव केला: खासगी कॅमेऱ्यात फक्त स्वतःचं दार यावं, आवाज बंद असावा, जिना आणि लिफ्टवर सोसायटीचा कॅमेरा लावावा. तेवढ्याने सात कॅमेऱ्यांची तोंडं वळली. कॅमेऱ्यावर फडकं टाकू नका, वायर ओढू नका. मग तक्रार तुमच्यावरच येते.

वकील, पुणे

तुमच्या प्रसंगाला नेमका बसणारा एकच कायदा नाही. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण तो मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून माणसाचा स्वतःचा घरगुती वापर वगळलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरतंच. कोलकाता हायकोर्टाने २०२५ मध्ये एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असं म्हटलं, आणि सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. तुमचा कॅमेरा घराबाहेर आहे, पण बघतो घराच्या आत, हा मुद्दा दिवाणी दाव्यात मांडता येईल. तरी आजच्या घडीला पोलीस हा शेवटचा रस्ता समजा.

एकटी, कोथरूड

दुसरी बाजूही सांगते. मी ७१ वर्षांची, एकटी राहते, मुलगा डब्लिनला. माझ्या दारावर कॅमेरा आहे म्हणून तो रात्री झोपू शकतो. पण लावला त्याच दिवशी समोरच्या सूनबाईंना बोलावून स्क्रीन दाखवली: माझं पायपुसणं, माझी चपलांची मांडणी, एवढंच. काकांना सायकलीचा धक्का बसलाय. त्यांची भीती आधी ऐकून घ्या, मग तुमचं सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी गेले, सासूबाईंनाही नेलं. आधी सायकलीचं निघालं. काकांनी ती नातवासाठी घेतली होती, तो पुढच्याच आठवड्यात येणार होता. मग मी म्हटलं, जरा मोबाईल दाखवता का? त्यात आमची खुर्ची, दत्ताची तसबीर, मागे दोरीवर वाळत घातलेले सासूबाईंचे परकर, सगळं स्वच्छ दिसत होतं. सासूबाई बघून काहीच बोलल्या नाहीत, पदर तेवढा सारखा केला. काकू म्हणाल्या, "अहो, बंद करा ते आधी." काका बराच वेळ फोनकडे बघत राहिले. ॲप त्यांच्या बेंगळुरूच्या मुलाकडेही आहे, हे तेव्हा कळलं.

माईक तिथेच बंद केला. संध्याकाळी मुलाने फोनवरून मास्क लावून दिला, आता आमच्या दाराच्या जागी काळा चौकोन आहे. जिन्यावर सोसायटीचा कॅमेरा हवा म्हणून काका आणि मी दोघांच्या सहीने अर्ज दिलाय. तो बसला की आपला काढतो म्हणालेत.

खुर्ची आज जाळीपाशी परत आली. सासूबाईंनी गवार निवडायला घेतली, पण पाठ दाराकडे करून बसल्या. तो लाल दिवा सेटिंगमधून बंद होतो का? नाशिकच्या दादांनी सांगावं.