काळ्या गाडीवर ओरखडे: पॉलिशने जातील की दार रंगवावंच लागेल?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी काळी, आठ वर्षं जुनी, पुण्यात सोसायटीत उघड्यावर उभी असते. (काळी घेऊ नको असं बायको म्हणाली होती, तो विषय नको.) रोज पहाटे गाड्या पुसणारे काका एका बादलीत, एका फडक्याने पंधरा-वीस गाड्या उरकतात. आता ऊन पडलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा चमकतात.

ते एक वेळ चाललं असतं, पण गेल्या आठवड्यात कुणाच्या तरी सायकलचं हँडल मागच्या दाराला घासलं. वीतभर पांढुरकी रेघ आहे. नख फिरवलं तर सुरुवातीला चार बोटं अडकतं, पुढे सरळ निघून जातं. एका गॅरेजवाल्याने न बघताच "पूर्ण दार मारून घ्या" सांगितलं. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने टूथपेस्ट लावून पाहिली, तर तेवढा कोपरा धुरकट झाला.

रबिंग कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट) हाताने लावून भागेल, की मशीन लागेलच? आणि नख अडकतं तिथे काय करू?

प्रतिसाद १
आधी रेघेवर पाणी शिंपडा. ओली असताना जेवढी दिसेनाशी होते तेवढी वरच्या क्लिअर कोटमध्येच (रंगावरचा पारदर्शक थर) आहे, ती पॉलिशने जाईल. नख अडकतं तिथे घासत बसू नका. क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. रेघेच्या तळापर्यंत घासायला गेलात तर आजूबाजूचा थरच संपेल, मग खरंच दार रंगवावं लागेल. तिथे बारीक ब्रशने टच-अप, म्हणजे गाडीच्याच रंगाचा ठिपका भरा. रंगाचा कोड बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो.

प्रतिसाद २
वीतभर रेघेला हात पुरेल, फोमचा पॅड घ्या. बॉनेटला मात्र मशीन. ड्युअल अ‍ॅक्शनवालंच घ्या, म्हणजे पॅड फिरतो आणि डुलतोही. गॅरेजमधलं एकाच दिशेने गरगरणारं रोटरी नवख्याच्या हातात कडांवर रंग जाळतं. गाडी आधी नीट धुवा, सावलीत पत्रा गार होऊ द्या, हातभर जागेवर करून बघा, मगच पुढे जा. टूथपेस्टमध्ये घासणारी पूडच असते, त्यामुळे कोपरा धुरकटला. बारीक पॉलिशने निघेल.

प्रतिसाद ३
बाहेर करून घेणार असाल तर एक बघा. काही जण तेलकट ग्लेझ चोपडून रेघा बुजवतात. गाडी आरशासारखी दिसते, दोन-चार धुण्यांत सगळं परत वर येतं. पैसे द्यायच्या आधी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक पट्टा पुसायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. पाणी मारल्यावर रेघ चार बोटंच उरली! बाकीची रविवारी हाताने काढली, अर्धा तास लागला. धुरकट कोपराही सुटला. टच-अप आणलंय, पण हात थरथरतो म्हणून अजून बाटली उघडली नाही.

काकांना दोन बादल्या आणि तीन मायक्रोफायबर फडकी घेऊन दिली. काल बाल्कनीतून पाहिलं, त्यातल्याच एका फडक्याने ते चेअरमनच्या गाडीची चाकं पुसत होते.