रेस्क्यूवर फिल्म करायची, परवानगी कुठून?

ऑरेंजसिटी_रील: संक्रांतीत नायलॉन मांजात अडकणाऱ्या पक्ष्यांवर छोटी डॉक्युमेंटरी करतोय, सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये (जखमी वन्यप्राणी-पक्ष्यांवर उपचार होतात तिथं) कॅमेरा नेऊ देतात का हो?

सावजी_फ्रेम: लेखी परवानगी घ्या आधी. वन्यजीवचे प्रधान मुख्य वनसंरक्षक आपल्या नागपुरातच बसतात, मुंबईला पळायचं काम नाही न भाऊ.

घारवाला: अन् फ्लॅश बिलकुल नको, जखमी घार आधीच घाबरलेली असते, माणूस दिसला की फडफडते अन् कापलेला पंख अजून बिघडतो, म्हणून तर डोळे झाकून ठेवतात तिचे. लांबून टेली लेन्सवर घ्या. पिल्लू हातात घेऊन पोज वगैरे टाळाच, बघणाऱ्याला पाळावंसं वाटते, अन् १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही.

ऑरेंजसिटी_रील: अन् सोडतानाचा शॉट ड्रोननं?

घारवाला: काहून? खालून घ्या न, आकाश तिचं राहू द्या.