वारणेच्या दोन काठांवरचा युद्धपट: पटकथा, रायफली, परवानग्या

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. आमचा कोल्हापूरचा गट चाळीसेक मिनिटांचा चित्रपट करतोय. काळ १९४४ ते १९४६. घर वारणेच्या उत्तर काठावर, बाप पोलीस-पाटील. थोरला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक, इटलीच्या आघाडीवर. धाकटा प्रतिसरकारच्या गटात, भूमिगत. बहीण दक्षिण काठाला, कोल्हापूर संस्थानातल्या गावात दिलेली. तिचा नवरा पोलिसांना खबर देतो म्हणून धाकट्याचा गट त्याला संपवतो. थोरला लढाईवरून परततो तो दाजीच्या खुनाचा सूड घ्यायचं ठरवूनच.

पटकथा ४२ पानांची झाली आहे, त्यातली १७ पानं इटली. वाचणारे सगळे म्हणतात, लढाई अंगावर येते पण सुडाचं काही वाटत नाही. कुठं चुकतंय? शिवाय रायफली भाड्यानं आणाव्यात की इथंच करून घ्याव्यात? गणवेश कुठल्या ऋतूचा धरावा? पोलीस आणि सेन्सॉरची बाजू माहीत असलेल्यांनी तेही सांगावं.

पानामागेपान
पान म्हणजे साधारण मिनिट. ४२ मिनिटांत १७ मिनिटं इटली ठेवली की प्रेक्षक थोरल्याच्या बाजूनं लढाई जिंकायला बसतो आणि घर विसरतो. इटली सहा-सात पानांवर आणा. एक जागा, एक रात्र, एक सेक्शन, म्हणजे आठ-दहा माणसं. त्या पानांतून दोनच गोष्टी घरी यायला हव्यात: हुकमावरून अनोळखी माणूस मारायची सवय, आणि एक पत्र.

पत्र हाच तुमचा खरा पेच आहे आणि तुम्ही तो वापरलेला नाही. खून पहिल्या आठ पानांत दाखवून टाका. कुणी मारलं ते प्रेक्षकाला सुरुवातीपासून माहीत हवं. थोरल्याला मात्र आघाडीवर फक्त ‘दाजी गेले, बहीण घरीच आहे’ एवढंच कळावं. याला कारणही चोख आहे. आईला लिहिता येत नाही, पत्र गावचा मास्तर लिहितो. लष्करी टपाल सेन्सॉर होतं हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे तो धाकट्याचं नाव कागदावर घालणं शक्यच नाही. थोरला कोणा परक्याचा गळा धरायची शपथ घेऊन घरी येतो. मग प्रश्न ‘मारेल की नाही’ एवढाच राहत नाही, ‘कळेल तेव्हा काय करेल’ हा होतो. तुमच्या मसुद्यात बहुधा त्याला पत्रातच नाव कळतं आणि पुढची वीस पानं तो फक्त रागावलेला असतो. राग एकाच पट्टीत वीस मिनिटं कुणी बघत नाही.

दुसरं, नदी. उत्तर काठ ब्रिटिश मुलूख, दक्षिण काठ संस्थान. सातारच्या पोलिसाला नदी ओलांडून थेट धरपकड करता येत नाही, संस्थानच्या अंमलदारांमार्फत जावं लागतं, आणि त्यात वेळ जातो. म्हणजे धाकट्याला लपायला दक्षिण काठ सोयीचा, आणि तिथं त्याचं हक्काचं घर एकच: ज्या बहिणीला त्यानं विधवा केलं तिचं. ती त्याला भाकरी वाढते की दार लावते, हा प्रसंग चित्रपटाच्या मधोमध ठेवा. त्याला किमान चार पानं द्या. संवाद कमीत कमी. तिला गुन्हेगार माहीत आहे का, हेही आधी ठरवा. माझ्या मते माहीत हवं. निष्ठा फाटण्याचं सगळं वजन भावांपेक्षा तिच्यावर आहे.

तारखांचा हिशेब असा लावता येईल. इटलीतली लढाई २ मे १९४५ ला संपली. फौजा टप्प्याटप्प्यानं परतल्या, तेव्हा थोरला दिवाळीच्या सुमारास घरी दाखवला तर चालतो. भूमिगतांवरची वॉरंटं १९४६ मध्ये मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर उठली. म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढीच खिडकी तुमच्याकडं आहे: मोठा भाऊ सरकारचा बिल्ला लावून घरात, धाकटा सरकारचा फरारी. तिसरा अंक याच खिडकीत बसवा. धाकट्याला फक्त काही आठवडे तग धरायचा आहे हे प्रेक्षकाला कुठूनतरी कळू द्या, म्हणजे प्रत्येक दिवसाला किंमत येते.

एक विनंती मनापासून. यशवंत घाडगे (१० जुलै १९४४, इटलीतल्या टायबर नदीचं वरचं खोरं) आणि नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी) हे दोघं याच रेजिमेंटचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, घाडग्यांना मरणोत्तर. त्यांचा पराक्रम उचलून काल्पनिक नायकाच्या नावावर घालू नका. तुमच्या नाईकाला साधी, अर्धवट फसलेली गस्त द्या. कथेला तीच जास्त उपयोगी आहे.

उद्यमनगर_लेथ
रायफलींचं सांगतो. भाड्याच्या आणल्या तर वाहतूक, अनामत आणि सोबतचा माणूस यातच पैसा जातो. इथं करून घ्या. हवी ती शॉर्ट ली-एन्फिल्ड नंबर १ मार्क ३, लांबी ११३० मिमी, वजन चार किलोच्या आतबाहेर.

जवळून दिसणाऱ्या तीन पुरेत, बाकी आठ-दहा फायबरच्या. जवळच्या तिन्हींना शिसवी दस्ता, आणि बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायचा दांडा, मागं-पुढं सरकणारा. नळीसाठी पाइप वापरूच नका. भरीव सळई घ्या आणि तोंडाला ८ मिमीचं भोक फक्त १२ मिमी खोल पाडा. पडद्यावर फरक दिसत नाही, आणि तपासणीला कुणी आलं तर हे हत्यार होऊच शकत नाही हे हातात देऊन दाखवता येतं. एन्फिल्डची नळी पुढच्या लोखंडी टोपीबाहेर जेमतेम येते. बरेच जण ती चार बोटं बाहेर काढतात आणि रायफल शिकारीची दिसायला लागते.

फायबरच्या रायफलीत नेहमीची चूक म्हणजे वजन. दीड किलोची रायफल नट काठीसारखी फिरवतो, पळताना ती छातीवर उड्या मारते. साच्यात ओतायच्या आधी आत १६ मिमीची सळई आडवी ठेवा आणि एकूण वजन साडेतीन किलोपर्यंत न्या. सळईचा जास्त भाग मागं, मॅगझिनच्या आसपास राहू द्या, नाहीतर तोंड जड होतं.

दहा गोळ्यांचं मॅगझिन, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी वरून भरायचं. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायचा, रिकामं काडतूस तेव्हाच उडतं. संकलनात दोन गोळ्यांच्या मधला बोल्ट कापला गेला की जाणकार प्रेक्षक तिथंच सुटतो. आणि उजेडात तोंडाशी मोठा जाळ टाकू नका. दिवसा दिसतो तो हलका धूर, धूळ आणि खांद्याला बसलेला दणका. दणका नटाकडूनच घटवून घ्या.

गणवेशासाठी जुलै १९४४ धरा. उन्हाळ्यात इटलीतही खाकी ड्रिल होतं, म्हणजे सुती शर्ट-पँटवर भागतं. एप्रिल १९४५ किंवा हिवाळा घेतलात की लोकरी सर्जचा बॅटलड्रेस आला, तो महाग आणि इथल्या उन्हात नट घामानं निथळतो. ३६ इंच पन्ह्याचं शंभर टक्के सुती ड्रिल, माणशी पाच मीटर, शिवायच्या आधी धुऊन आटवून घ्या. टेरिकॉटची भेसळ नको, ते दिव्यात चमकतं आणि जाळाजवळ वितळतं. ज्यांना जखम होणार त्यांचे तीन-तीन जोड. पट्टे १९३७ च्या नमुन्याचे, तंबू आणि ताडपत्री शिवणारे करून देतात. बकलं मात्र पितळीच हवीत.

माती उडवायला दारू नको. परवाना लागतो, धोका वेगळाच. कॉम्प्रेसरची हवा चाचणी झालेल्या टाकीत भरून दोन इंची व्हॉल्व्हनं सोडा, वर लोखंडी नरसाळ्यात तीनेक किलो चाळलेली माती आणि भुसा. एकही खडा नको. पीव्हीसी पाइपात दाबाची हवा कधीच भरू नका, तो फुटतो तेव्हा त्याच्या चिंधड्या सुऱ्यांसारख्या उडतात. माणसं पाच मीटर लांब, तोंडावर कुणी वाकायचं नाही.

शिवारवाट
जागेबद्दल. टायबरच्या खोऱ्याला लाल जांभ्याची जमीन चालणार नाही. पन्हाळ्याच्या बाजूला फेब्रुवारीतलं वाळलं गवत, दगडी पडवी आणि लांब सुरूची झाडं अशी चौकट शोधा. सुरू लांबून सायप्रससारखा दिसून जातो. ऊस, केळ, नारळ चौकटीत नको.

गावाकडच्या चित्रणात सगळ्यात जास्त फसवतं ते गाजरगवत. ते आपल्याकडं दिसायला लागलं १९५५ च्या पुढं. आदल्या दिवशी माणसं लावून उपटून घ्या, हातमोजे घालून, कारण त्यानं अंगाला खाज सुटते. घाणेरी राहू दे, ती जुनीच आहे.

नदीचं दृश्य वारणेवरच करा, पण आजचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा (खांबांमध्ये बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, बसवून पाणी अडवणारा) चौकटीत येता कामा नये. बरगे घातलेत की काढलेत हे पाटबंधारे खात्याकडं आधी विचारा. बरगे असताना जिथं पुरुषभर पाणी, तिथंच बरगे काढल्यावर गुडघाभर. सकाळी उतार पाहून आलात आणि दुपारी खालचे बरगे बसले तर रात्रीचं ओलांडणं जिवावर बेतेल.

तोंडी भाषेत ‘सांगली जिल्हा’ येऊ देऊ नका, तो सगळा भाग तेव्हा सातारा. ‘नायब सुभेदार’ही नको, तेव्हा जमादार होता, हुद्द्याचं नाव १९६५ मध्ये बदललं. बापाच्या कनवटीला भोकाचा पैसा ठेवा. तो १९४३ पासूनचा, एका दृश्यात काळ सांगून जातो.

कौलारू
पानामागेपान यांच्याशी अर्धं सहमत. माझं मत, इटली संपूर्ण काढा. थोरला स्टेशनवर उतरतो तिथूनच सुरू करा. लढाई त्याच्या वागण्यातून दिसू दे: रात्री दाराकडं पाठ करून झोपत नाही, जेवताना ताट मांडीवर घेतो. बारा गणवेश आणि दहा रायफलींचे पैसे घराच्या सजावटीत आणि चांगल्या आवाजात घाला. मिरज-कोल्हापूर लाइन तेव्हा मीटरगेज होती, वाफेचं इंजिन मिळणारच नाही. रात्रीचा फलाट, धूर, शिट्टीचा आवाज आणि एका डब्याच्या दाराचा सेट एवढ्यावर प्रसंग उभा राहतो.

पानामागेपान
पैशाच्या दृष्टीनं बरोबर आहे, पण पत्र आघाडीवरच मिळालं पाहिजे. घरी येऊन बातमी कळाली तर तो शोक होतो. शपथ घ्यायला त्याला लांब, हतबल आणि हातात रायफल असलेला दाखवावाच लागेल. तीन मिनिटांवर आणा, रात्रीचं करा, चार माणसांत करा. संपूर्ण काढू नका.

रंकाळाकाठ
खूप आभार. बहिणीच्या घरचा प्रसंग मधोमध घेतो, आणि इटली चार माणसांवर आणतो. थोडं उरलंय: कंदिलाच्या उजेडात घर कसं टिपायचं, रक्त कसलं वापरायचं, आणि परवानग्यांत वेळ कुठं जातो? बैलगाडी दोन ठिकाणी आहे. थोरला विडी ओढतो.

तिसरी_घंटा
बैलगाडीपासून सुरू करा, सर्वांत जास्त वेळ तिथंच जातो. चित्रपटगृहात लावायचा असेल तर सेन्सॉर प्राणी कल्याण मंडळाचं ना हरकत मागतं. अर्ज चित्रणाच्या आधी करायचा, बैलांच्या तब्येतीचा पशुवैद्यकाचा दाखला जोडून. चित्रण झाल्यावर कागद जमवायला गेलात तर ते दृश्यच कापावं लागतं. एका ठिकाणी गाडी नुसती उभी, बैल सोडलेले, असं चालत असेल तर तसंच करा. विडी ठेवलीत की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर इशारा, आणि विडी ओढताना किंवा नुसती दिसताना प्रत्येक दृश्याखाली पट्टी. चार माणसांच्या त्या रात्रीच्या प्रसंगात पडद्यावर पट्टी यावी असं वाटत नसेल तर तिथं विडी दाखवूच नका.

पोलिसांकडं लेखी अर्ज: तारखा, जागा, नकली रायफलींची संख्या, त्यांचे फोटो, जबाबदार माणसाचा फोन. जितक्या ठाण्यांच्या हद्दीत चित्रण तितके अर्ज. वारणेचे दोन काठ म्हणजे आज दोन जिल्हे, हे विसरू नका. पोचशिक्क्याची प्रत रायफलींच्या पेटीतच ठेवा, आणि गाडीतून नेताना त्या उघड्या नकोत. विषय लष्कराचा असल्यानं संरक्षण मंत्रालयाच्या ना हरकतीचाही प्रश्न निघू शकतो, पटकथा पक्की झाली की लगेच विचारणा करा.

कंदिलात खरी वात ठेवलीत तर काच काळी होते आणि दर दृश्याला उजेड बदलतो. आत २७०० केल्विनचा छोटा बल्ब डिमरवर, वायर नटाच्या बाहीतून किंवा खुंटीमागून. २४ फ्रेमला शटर १७२.८ अंश ठेवा, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, आपल्याकडच्या विजेवर पट्टे लहरत नाहीत. भिंतीला पुट्टीचा रंग असेल तर वरून पांढऱ्या मातीचा हात द्या, नाहीतर कंदिलाचा उजेड गुळगुळीत परततो आणि घर नवं दिसतं.

रक्ताला लिक्विड ग्लुकोज एक किलो, पाणी पाव लिटर, खाण्याचा लाल रंग, निळ्याचे तीन-चार थेंब आणि दोन चमचे कोको. कोको आधी थोड्या पाण्यात कालवा, तसाच टाकला तर गुठळ्या होतात. सुकलेल्या रक्ताला काकवी छान दिसते, पण बाहेर वापरली की मुंग्या आणि मधमाश्या येतात आणि प्रेत झालेला नट हलतो. काकवी घरातल्या दृश्यालाच. तोंडात जाणारं रक्त त्या दिवशीचं ताजं करा.

आवाज: शिवारातली शांतता पहाटे चार ते साडेपाचमध्ये टिपून ठेवा. त्यानंतर मोटारी आणि ट्रॅक्टर सुरू होतात. बहिणीच्या घरच्या प्रसंगात संवाद कमी आहेत, म्हणजे तिथं हीच शांतता सर्वांत जास्त लागणार. दोन्ही काठांची वेगवेगळी टिपा, आणि प्रत्येकी निदान दहा मिनिटं सलग.